ब्रेक ऑइलची तारीख विचारा

रविवारी दुपार कलली की महाबळेश्वर-पाचगणीहून परतणाऱ्या गाड्यांची रांग पसरणी घाटातून वाईकडे उतरू लागते. घाट संपतो तिथून जवळच, त्याच रस्त्यावर माझं गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवसांत त्या रांगेतली एखादी गाडी आमच्या दारात थांबतेच. पुढच्या चाकांतून धूर निघत असतो, जळक्या पॅडचा उग्र वास सुटलेला असतो आणि मालकाचा चेहरा उतरलेला असतो. ‘अहो, ब्रेक फेल झाले. शेवटच्या दोन वळणांना पेडल पार खाली गेलं.’ मी गाडी सावलीत लावून तशीच उभी ठेवायला सांगतो. अर्धा-पाऊण तास जातो, चाकं गार होतात. मग पेडल दाबून बघावं तर ते जागच्या जागी आणि घट्ट असतं. मागच्या सीटवरून आवाज येतो, ‘आता तर लागतायत की!’

मला खरी धास्ती वाटते ती इथून पुढे. ब्रेक लागतायत म्हटल्यावर ही मंडळी तशीच पुण्याला निघणार. पुढे खंबाटकीच्या बोगद्यानंतरचा उतार आहे, आणि त्यानंतर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा, ज्याचं नाव अपघातांमुळे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

पेडल खाली गेलं होतं आणि परत वर आलं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ते म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. हे तेल काही वंगण नाही. आपल्या पायाचा दाब मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत पोचवणं एवढंच त्याचं काम. द्रव दाबला जात नाही, म्हणून पाय जेवढा रेटतो तेवढा रेटा चाकाशी पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपर तापून आतल्या तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा सगळा जोर ते बुडबुडे आवळण्यात जातो, पेडल फळीला टेकतं आणि पॅड डिस्कला नीट भिडत नाहीत. गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पेडल पहिल्यासारखं लागतं. पुरावा काहीच उरत नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्याही गॅरेजमध्ये दाखवा, ‘काही प्रॉब्लेम नाही’ असंच उत्तर मिळेल.

आता हे तेल उकळतं का, ते सांगतो, कारण माझ्या म्हणण्याचं मूळ इथेच आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत डॉट 3 किंवा डॉट 4 जातीचं तेल असतं. मानकाप्रमाणे नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, डॉट 3 किमान 205 पर्यंत. पण हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून महिन्यामागून महिने पाणी आत मुरत राहतं. तेलात 3.7 टक्के पाणी मुरलं की डॉट 4 चा उत्कलनबिंदू 155 अंशांपर्यंत आणि डॉट 3 चा 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. गाडी किती चालली याच्याशी या मुरण्याचा संबंध नाही. वर्षभर पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचं तेलही पाणी पितं. आमच्याकडचा पावसाळा आणि कोकणातली दमट हवा असेल तर विचारायलाच नको.

म्हणून ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, तारखेवर बदलायचं असतं. साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असेल तर तेव्हा. इंजिन ऑइल कधी बदललं हे गिऱ्हाईक आकड्यासह सांगतं. ब्रेक ऑइलचं विचारलं की समोरचा गप्प होतो. सात-आठ वर्षांच्या गाडीत कारखान्यातून आलेलंच तेल मी कित्येकदा काढलंय. नवं तेल फिकट पिवळं आणि पारदर्शक असतं. हे काळपट तपकिरी निघतं.

जुनं तेल काढताना बघण्यासारखं असतं. आमचा पोरगा गाडीत पेडलवर बसतो, मी चाकापाशी. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. मी म्हणतो, ‘दाब, दाब, दाब... धर!’ तो पाय रोवून धरतो, मी निपल पाव आटा सैल करतो आणि नळीतून काळं तेल झर्रकन उतरतं. कधी त्यात हवेचे बुडबुडे एकापाठोपाठ एक पळताना दिसतात. निपल आवळेपर्यंत त्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. वर टाकीत नवं तेल भरत राहायचं, तळ दिसू द्यायचा नाही. चारही चाकांना असं करत नळीतून स्वच्छ तेल येईपर्यंत थांबायचं नाही. तासाभराचं काम. तेलाची अर्ध्या लिटरची बाटली दोन-तीनशे रुपयांत मिळते, फार तर दोन लागतात. महाबळेश्वरला एका वेळच्या जेवणाला कुटुंबाचा याहून जास्त खर्च होतो.

घाट गाडीकडून काय मागतो, हे एका हिशेबावरून कळेल. पाचगणी ते वाई उतार साधारण पावणेसहाशे मीटरचा. गाडी, पाच माणसं आणि सामान मिळून 1,300 किलो धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती सुमारे दोन युनिट विजेइतकी, म्हणजे वीस लिटरची बादली गार पाण्यापासून उकळीपर्यंत न्यायला पुरून उरेल एवढी. थोडा वाटा वारा आणि टायर उचलतात. बाकीची उष्णता एकतर इंजिनाने घ्यायची नाहीतर ब्रेकने. गाडी न्यूट्रलला टाकली की इंजिनाचा वाटा संपला. पुढच्या दोन डिस्कवरच मुख्य भार येतो, आणि मग पायथ्याला धूर दिसतो.

न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं ही समजूत इतकी घट्ट रुजलीय की शिकलेली माणसंसुद्धा माझ्याशी वाद घालतात. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन सुरू राहण्यासाठी इंधन जळतच राहतं. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा पेट्रोलही जास्त जाळतो आणि ब्रेकही.

इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून भयंकर. आपल्या पायाला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर किंवा व्हॅक्यूम पंपावर चालतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल एकदम कडक होतं आणि नेहमीच्या जोराने गाडी थांबत नाही. ट्रक-टँकरला हवेचे ब्रेक असतात. तिथे इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, आणि टाकीतली हवा प्रत्येक दाबाला खर्च होत जाते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना ठोकरलं. पहिली बातमी आली ती ब्रेक फेलची. पुढे तपासाच्या बातम्यांत आलं, की उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली होती. डिझेल वाचवण्यासाठी.

ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा, हे मला एसटीच्या वर्कशॉपात उमेदवारी करताना शिकवलं गेलं. आजही मी त्यात काडीचा बदल करणार नाही. दुसऱ्या गिअरला इंजिन जरा ओरडेल. ओरडू द्या, त्याने काही बिघडत नाही. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबून तो उतरवायचा आणि पाय काढून घ्यायचा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क वाऱ्यावर गार होते. ऑटोमॅटिक गाड्या वाढल्यापासून आमच्या दारात धुराच्या गाड्याही वाढल्यात, असं मी अनुभवावरून म्हणतो. लोक घाटभर ‘डी’ मध्येच ठेवतात. त्या दांड्यापाशी ‘एल’, ‘2’ किंवा अधिक-उण्याची खूण असते, ती नेमकी अशाच उतारासाठी दिलेली असते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही एक सांगणं आहे. मोटर स्वतः वेग रोखून बॅटरी भरते हे उत्तमच. पण वर हॉटेलात बॅटरी शंभर टक्के भरून निघालात तर ती वीज ठेवायला जागाच उरत नाही आणि सुरुवातीच्या उतारावर हा रोध कमी मिळतो. थोडी जागा ठेवून निघा.

धूर निघाला तर काय करावं, हेही सांगायला हवं, कारण नेमकं उलटंच केलेलं मी बघतो. तापलेल्या चाकावर पाण्याची बाटली ओतू नका. लाल तापलेल्या लोखंडावर एका जागी गार पाणी पडलं तर डिस्क वाकू शकते, तडकू शकते. सुरक्षित जागी थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. मागचे ड्रमही तापले असतील तर हँडब्रेक करकचून ओढून ठेवू नका. आणि वाट बघा, दुसरा उपाय नाही.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलं तर ते भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडा दाब मिळतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेकची कळ दाबून धरून तो हळूहळू ओढा, एकदम ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. इंजिन बंद करायचं नाही. काहीच जमलं नाही तर गाडी दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घ्या आणि चारीत घाला. पत्रा दुरुस्त होतो.

पेडल घट्ट आहे, पाय जोर लावतोय, तरी गाडी थांबत नाही असंही होतं. तिथे दोष तेलाचा नसतो, पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. अशा वेळी पंप करून उपयोग नाही, गिअर उतरवूनच वेग मोडावा लागतो. मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, पेडल मऊ झालं होतं की कडक? उत्तर नीट मिळालं तर निम्मं निदान तिथेच होतं.

बाकीच्या तक्रारीही गिऱ्हाइकाच्या तोंडूनच कळतात, फक्त त्याने त्या वेळेत सांगायला हव्यात. ब्रेक दाबल्यावर बारीक ‘चीं’ आवाज येतो तो बऱ्याचदा पॅडवरच्या पोलादी पट्टीचा असतो. पॅड संपत आले की ती डिस्कला घासून ओरडावी म्हणूनच तिथे बसवलेली असते. लोक काच वर करून गाणी मोठ्याने लावतात. महिन्या-दोन महिन्यांत त्या ‘चीं’ची ‘खरर्र’ होते. आता लोखंडावर लोखंड घासतंय, आणि पॅडच्या खर्चात डिस्कचाही खर्च आला. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाडीचा असतो, तीनवर आला की बदलावा. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा सकाळचा पहिला खरखराट मात्र वेगळा. तो डिस्कवरच्या गंजाचा, चार वेळा ब्रेक लावला की जातो.

सिग्नलला पेडलवर पाय ठेवून उभे आहात आणि ते हळूहळू खाली सरकतंय, बाहेर तेलाचा थेंब नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी वॉशर गेल्या असं समजा. ही गाडी एक दिवसही चालवू नये. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरची हवा बघा. ती ठीक असेल तर कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असतील. त्या साफ करून योग्य ग्रीस लावायला वेळ फारसा लागत नाही, पण उघडूनच बघितलं नाही तर कुणाला कळणार? एबीएसच्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली धडधड होते, ती बिघाडाची खूण नाही. घाबरून पाय उचलू नका, तसाच दाबून धरा.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेकचा आहे असं सगळे समजतात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइलची पातळी उतरली तरी तोच दिवा लागतो. हँडब्रेक पूर्ण खाली असून दिवा जात नसेल किंवा वळणावर लुकलुकत असेल तर टाकी बघा. पण वरून तेल ओतून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, नाहीतर कुठेतरी गळती असते. तेल भरून आपण दिवा विझवतो, कारण तसंच राहतं. त्या टाकीत इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं खनिज तेल तर थेंबभरही पडता कामा नये. सगळी रबरं फुगतात आणि आख्खी यंत्रणा खोलावी लागते.

आता माझ्या धंद्यातल्या मंडळींना दोन शब्द. ‘ब्रेक सर्व्हिस’ असं बिलावर लिहून आत फक्त हवेचा झोत मारायचा, ही पद्धत बंद झाली पाहिजे. ती धूळ तशी उडवणं आपल्याच छातीला वाईट, ती गोष्ट वेगळी. चाक काढा, पॅडची जाडी मोजा आणि मिलिमीटरमध्ये बिलावर लिहा. मागचे ड्रम उघडा. लहान गाड्यांत मागे ड्रमच असतात, आणि व्हील सिलिंडरची गळती आतल्या आत लायनर भिजवत राहते, बाहेरून पत्ता लागत नाही. जुने पॅड गिऱ्हाइकाच्या हातात द्या. ब्रेक ऑइल बदललं की तारखेचं स्टिकर बॉनेटखाली लावा. दहा मिनिटं जास्त जातील, पण तो माणूस आपली पोरंबाळं घेऊन घाटात जाणार आहे.

सरकारकडेही माझं मागणं आहे. खासगी मोटारीची धुराची तपासणी आपण दरवर्षी करतो. त्याच मोटारीचे ब्रेक सरकारी नजरेखाली येतात ते नोंदणीची पंधरा वर्षं संपल्यावर. पिवळ्या पाटीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. खासगी गाडीला काही नाही, जणू तिचं तेल पाणी पीतच नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणीला न्यावी लागते आणि तिचे ब्रेक यंत्रावर तपासले जातात. तेवढं उद्याच इथे होईल अशी माझी अपेक्षा नाही. पण पाच वर्षांवरच्या प्रत्येक मोटारीची दोन वर्षांतून एकदा ब्रेक तपासणी सक्तीची करा. त्यात पॅडची जाडी, तेलातलं पाणी आणि चारही चाकांचा रोध एवढं बघितलं तरी पुष्कळ. तेलातलं पाणी दाखवणारा पेनाएवढा टेस्टर मिळतो, तपासणीला मिनिटभर पुरतं. तो अगदी अचूक नसला तरी खराब तेल नक्की पकडतो. हेही परवान्याशी जोडा, की चढावर गाडी उचलता येते का हे जसं बघतो तसं उतार गिअरवर उतरता येतो का हेही बघायचं. ड्रायव्हिंग स्कूलवाले हे क्वचितच शिकवतात, कारण परीक्षेत कुणी विचारत नाही.

कायदा व्हायचा तेव्हा होईल. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही महाबळेश्वरला, आंबोलीला, ताम्हिणीतून कोकणात निघाल. त्याआधी आठवडाभर राखून तुमच्या मेकॅनिककडे जा आणि एकच विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? त्याला तारीख सांगता आली नाही, तुम्हालाही आठवली नाही, तर ते बदलून घ्या. आणि घाट उतरताना गिअर काढू नका.